लेनचं कुलूप

चहा ओता, आणि त्या पट्ट्या वाकवायच्या प्रेसकडे पाठ करून बसू नका. हसताय काय? ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्या बाबतीत घडलं त्या मॅल्कम ट्विगच्या शेजारी मी तीस वर्षं वेल्डिंग केलंय.

गुरुवार होता, चौदा डिसेंबर. संध्याकाळचे साडेपाच, पण बाहेर मिट्ट काळोख. चौकातले गाळेवाले ताडपत्र्या गुंडाळत होते. जुन्या मंडईचं फाटक शुक्रवारी बसवायचं होतं आणि बिजागऱ्यांच्या दोन पट्ट्या वाकवायच्या राहिलेल्या. मॅल्कम आपला मुकादम. सगळे घरी गेले असं समजून तो एकटाच परत आला. प्रेस चालू करायला गेला, तर मेन स्विचला कुलूप. त्यावर पितळी पट्टी: एल. प्राऊस.

थांबा, लेन प्राऊसचं आधी सांगतो. नियम तुम्हाला पाठ आहे. प्रेसखालच्या खड्ड्यात उतरायचं तर स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. तो विसरून घरी गेला, तरच मुकादमानं कापायचं, तेही खड्ड्यात डोकावून. लेन भारी विसरभोळा. आठवड्यातून दोनदा कुलूप तसंच ठेवून पबमध्ये पळायचा. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मॅल्कम वैतागला. "गेले वाटतं साहेब ढोसायला!" म्हणाला आणि कुलूप कापलं. खाली पाहिलं नाही. लेन खालीच होता... ग्रीस लावत.

तुटलेलं कुलूप चौकशीवाले घेऊन गेले. किल्ली मात्र दफनाआधी मॅल्कमनं स्वतःच्या हातानं लेनच्या शवपेटीत ठेवली. "त्याचीच आहे," एवढंच बोलला. त्यानंतर तो कधी हसला नाही, चिडला नाही, रडला तर नाहीच. टीम चालवायचा, चीजचं सँडविच खायचा, घरी जायचा. कितीही टिंगल केली तरी "बरं" म्हणायचा. मला त्याची फार कीव यायची.

तर ते कुलूप. मॅल्कमला वाटलं, पोरांचा चावटपणा.

"कोण आहे रे? पुरे झालं आता."



त्यानं कटर उचलला. जबडा कडीवर ठेवला. दाबणार...

हात थांबला.

कटर खाली ठेवला. बॅटरी घेतली. खड्ड्यात डोकावला.

शॉना. आपल्या टीममधली. पालथी पडलेली. डोक्याखाली रक्त.

"शॉना..."

बोटं हलली.

पाना खाली पडला म्हणून उतरली होती. दोन मिनिटांचं काम, कुलूप कशाला लावायचं! तिथेच घसरली. तिचं कुलूप तिच्याच खणात सापडलं.

मी इस्पितळात गेलो तेव्हा ती मॅल्कमला म्हणत होती, "मॅल, निदान शिव्या तरी दे."

"बरं," मॅल्कम म्हणाला.

शुक्रवारी मालक ओरडला, "कापा ते कुलूप!" मॅल्कम म्हणाला, "ज्यानं लावलंय, तो काढेल." पट्ट्या त्यानं हातोड्यानं ठोकून वाकवल्या. फाटक दुपारी बसलं.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघांनी शटर उघडलं. स्विच मोकळा. कुलूप मॅल्कमच्या टेबलावर होतं. उघडलेलं. कडीवर एक ओरखडा नाही. आत किल्ली.

 मॅल्कमनं किल्ली ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. तो रडत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

किल्लीच्या दातांमध्ये ओली माती होती.