गार कोपरा

हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी उन्हाकडे बोट दाखवतो. ऊन लागलं असेल, चक्कर आली असेल, भास झाला असेल.

ऊन लागलंच होतं. तरीही जे झालं ते झालं.

आणि झालं ते रात्री नाही, अंधारात नाही. भर दुपारी, जेवणं झाल्यावर, हजारो माणसं असलेल्या जहाजावर.

ऐन उन्हाळ्यातली क्रूझ होती. आम्ही चौघं. मी, माझा नवरा, थोरले दीर आणि माझी जाऊ. तिला मी वहिनी म्हणते. ती मला 'धाकटी' म्हणते, तेही समोर असले तर.

आमचं दोघींचं बरं नव्हतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. घरात कार्य असलं की मी एका खोलीत, ती दुसऱ्या. म्हणून दोघा भावांनी डाव टाकला. दोन केबिन घेतल्या. एकीत ते दोघे, एकीत आम्ही दोघी.

"गप्पा मारा जरा," नवरा म्हणाला.

गप्पा कसल्या! पहिल्या दिवसापासून एसीवरून जुंपली. मला थंडी सोसत नाही. तिला उकाडा.

आमची केबिन जहाजाच्या पोटात होती. खिडकी नाही. तिकीट काढून देणारा म्हणाला होता, खिडकी नसली की ऊन येत नाही, उन्हाळ्यात तीच केबिन थंड राहते. दोन पलंग, मध्ये वीतभर जागा. एका पलंगापलीकडे कपाट. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एक कोपरा, एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन जेमतेम बसेल एवढा.

वहिनी शिवणाचे क्लास घेते. तिने पर्समधला दोरा काढून वरच्या एसीच्या जाळीला बांधला. दोरा हलला की वारा येतोय. दोरा थांबला की मी एसी कमी केलाय, असं तिचं गणित.

दुसऱ्या दुपारी दोरा खरंच थांबला.

आमच्या बाजूचा सगळा एसी बंद पडला होता. स्पीकरवरून सूचना सुरू झाल्या. पडदे ओढून घ्या. गॅलरीची दारं उघडू नका, गरम हवा आत येते. पाणी पीत राहा. शक्यतो केबिनमध्ये थांबू नका, थिएटरमध्ये किंवा वाचनालयात येऊन बसा, तिथला एसी चालू आहे.

झालं. अख्खं जहाज थिएटरकडे धावलं.

माणसं इतकी वाईट वागू शकतात हे मी तिथे पाहिलं. एका गृहस्थाने टॉवेल टाकून अख्खी रांग अडवली होती. एक म्हातारा वाऱ्याच्या झोताखाली उभा राहिला तर त्याला मागून ढकललं. वहिनीने भांडून दोन खुर्च्या मिळवल्या. भांडणात ती कुणाला ऐकत नाही.

तेवढ्यात एक बाई आली. कडेवर तान्हं बाळ, घामाने लाल झालेलं. वहिनी पाणी आणायला गेली होती. मी तिची खुर्ची त्या बाईला दिली.

वहिनी परत आली.

"माझी जागा द्यायला तू कोण?"

"अहो वहिनी, बाळ बघा ना त्यांचं..."

"सगळ्यांचं बघतेस. घरच्यांचं सोडून."

सगळ्यांसमोर बोलली. मग पाण्याची बाटली माझ्या मांडीवर आदळली आणि तरातरा निघून गेली.

बराच वेळ झाला, ती आली नाही. दीर कासावीस झाले. तिला ब्लडप्रेशर आहे.

"केबिनमध्ये जाऊन बसली असेल रागाने. भट्टी झाली असेल तिथे," ते म्हणाले. "मी वाचनालयात बघतो, तू केबिन बघ."

मी उठले. खरं सांगते, मनात शिव्या देतच उठले.

खाली उतरले तसा उकाडा अंगावर आला. लांबच लांब पॅसेज. दोन्हीकडे दारं. काहींनी दारात बूट अडकवून ती उघडी ठेवली होती. आत कुणी नव्हतं.

चालता चालता जाणवलं...

आवाज नाही.

जहाजावर एक घरघर सतत असते. पायाखाली, भिंतीत, उशीत. दोन दिवसांत ती ऐकू येईनाशी होते. पण थांबली की लगेच कळतं.

ती थांबली होती.

आमच्या दारापाशी आले. चप्पल घातलेली असूनही तळव्यांना गार लागलं.

कार्ड लावलं. दार उघडलं.

आतून थंडी आली. फ्रीज उघडल्यावर चेहऱ्यावर येते तशी. त्यात एक वासही होता, बंद भांड्यात राहिलेल्या पाण्यासारखा.

दिवा मिणमिणत होता. मी आधी वर जाळीकडे पाहिलं.

दोरा सरळ खाली लोंबत होता. जराही हलत नव्हता.

मग गारवा येत कुठून होता?

"दार लाव. गार बाहेर जातं."

वहिनी त्या कोपऱ्यात बसली होती. पलंग आणि कपाटाच्या मध्ये. पाठ भिंतीला, गुडघे पोटाशी.

"वहिनी, उठा. दादा शोधतायत तुम्हाला."

"ये. बस माझ्याजवळ."

आवाज तिचाच होता. पण गोड होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ही बाई माझ्याशी एकदाही गोड बोललेली नाही. 'बस' तर कधीच म्हणाली नाही.

"नको. तुम्ही चला."

बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघाली. थंडीच्या पहाटे निघते तशी.

तिच्या तोंडातून निघत नव्हती.

"बस म्हटलं ना."

आता आवाजातला गोडवा गेला होता.

मागे दार आपोआप लागलं. मी वळून दाराची मूठ धरली आणि किंचाळले. मूठ तापलेली होती. चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी. माझा तळहात भाजला. पाठीला थंडी, हाताला आग. मला तर काहीच कळेना.

"कुठे जातेस?" मागून ती म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हाही अशीच पळाली होतीस. त्या दाराकडे बघत होत्या. शेवटपर्यंत बघत होत्या. तूही अशीच मरणार. दाराकडे बघत. कुणी येणार नाही."

एकदा वाटलं, मरू दे हिला इथेच.

पण तिची अवस्था काही बरी दिसत नव्हती. ओठ काळेनिळे पडले होते. पापणी लवत नव्हती.

मी वाकून तिचं मनगट धरलं.

बर्फ.

आणि जड. वहिनी अंगाने किरकोळ आहे. पण तिला भिंतीतून उपटून काढावं तसं ओढावं लागत होतं. मी एक पाय कपाटाला टेकवला आणि ओढलं. तिने माझा हात धरला. उठायला नाही... मला आत ओढायला. माझं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं. तिची नखं माझ्या दंडात रुतली.

"एकटीने कशी जाशील," ती कानाशी म्हणाली.

मी कशी सुटले, ते सलग आठवत नाही. मी शिव्या देत होते, रडत होते, ओढत होते. कधीतरी दाराची मूठ पुन्हा हातात आली. कातडं चर्रकन भाजलं तरी सोडली नाही. आम्ही दोघी पॅसेजमध्ये येऊन पडलो.

मागे दार लागलं.

आणि मग... आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

जहाजाची घरघर पुन्हा सुरू झाली. मग मला काही आठवत नाही.

डोळे उघडले ते जहाजाच्या दवाखान्यात. शेजारच्या खाटेवर वहिनी झोपली होती. नर्सने सांगितलं, उष्माघात. दोघींनाही. केबिन उघडून पाहिली होती. आत कुणी नव्हतं. आणि आत इतकं गरम होतं की उघडणारा माणूस लगेच बाहेर आला.

"गरम?" मी विचारलं.

"त्या मजल्यावर सगळ्यात जास्त," ती म्हणाली.

नवरा जवळ बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "वहिनी मघाशी जागी झाली होती. तिने वेगळंच सांगितलंय."

"काय?"

"ती म्हणते, तिने तुला बाहेर काढलं."

मला हसू आलं. मरतामरता वाचली तरी हिचा ताठा जात नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. "हसतेस काय?"

वहिनी जागी होती. छताकडे बघून बोलत होती.

थिएटरमधून निघाल्यावर ती वरच्या डेकवर सावलीत बसली होती. मग केबिनमध्ये आली. दार उघडलं तर आत गारठा. आणि कोपऱ्यात मी. गुडघे पोटाशी घेऊन.

"तू म्हणालीस, वहिनी, दार लावा, गार बाहेर जातं. या, बसा माझ्याजवळ." मग तिने विचारलं, "तू मला कधी बसा म्हणतेस?"

वहिनी छताकडे बघतच पुढे म्हणाली,

"मी वळले तर तू म्हणालीस, सासूबाईंचं करून काय मिळालं तुम्हाला? सगळं आयुष्य मोलकरणीसारखं राबलात आणि शेवटी त्यांनी नाव घेतलं ते माझं."

दीर उठून उभे राहिले. "असं बोललीस तू तिला?"

नव्हते बोलले. देवाशपथ सांगते, कधीच नव्हते बोलले. तोंडाने.

वहिनीने चादरीखालून उजवा हात बाहेर काढला. तळहाताला पट्टी होती. माझ्यासारखीच. त्याच जागी.

"मूठ तापली होती," ती म्हणाली. "तरी मी सोडली नाही."

नवऱ्याने दोघींकडे पाहिलं. दोघी एकमेकींना धरून बाहेर पडला असाल, घाबरलेल्या होतात, म्हणून असं वाटतंय, असं काहीतरी तो म्हणाला. त्याला ते पटलं. दिरांनाही पटलं.

उरलेली सफर आम्ही वाचनालयातल्या खुर्च्यांवर काढली. एसी दुरुस्त झाला तरी केबिनमध्ये दोघीही गेलो नाही. सामान नवऱ्याने आणलं.

एकदा मी वहिनीला विचारलं, "सासूबाई दाराकडे बघत होत्या का हो शेवटी?"

तिचा चेहरा पांढरा पडला.

"हे तुला कुणी सांगितलं? मी कुणाला बोलले नव्हते."

त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. भांडणसुद्धा नाही. भेटलो तर घोळक्यात भेटतो. एका खोलीत दोघीच उरलो तर एक जण उठून बाहेर जाते. कधी ती, कधी मी. मी तिच्याकडे बघते तेव्हा मनात एकच असतं, त्या दुपारी मी हात धरला तो हिचाच होता का. तीही माझ्याकडे तशीच बघते. ते मला कळतं.

परवा दुपारी प्रचंड उकडत होतं. ब्लाउज पाठीला चिकटला होता. नवरा म्हणाला, "एसी लावतो."

मी म्हटलं, "नको."

"अगं, घामाच्या धारा लागल्यात तुला."

"लागू देत," मी म्हटलं. "तू फक्त इथेच बस."