मोकळ्या जागेचा पंचनामा

मोजणीच्या कचेरीत एक जुना विनोद होता. सरकारी जमीन तीन तऱ्हेची: कोणाचीच नसलेली, सगळ्यांची असलेली आणि वरच्या साहेबांच्या मनात भरलेली. त्या दुपारी मोजणीदार निघाला तो तिसऱ्या तऱ्हेच्या जमिनीवर. कागदोपत्री ती गायरान होती, म्हणजे सगळ्यांच्या गुरांना चरायची जागा. आता तिथे गोदामं व्हायची होती.

काम तसं तासाभराचं. बारा वर्षांपूर्वीचा पंचनामा त्यानेच केलेला होता: ‘जागा मोकळी, वस्ती नाही, वापर नाही.’ खरं तर तेव्हा तो तिकडे फिरकलाही नव्हता. पायाला गळू झालं होतं, म्हणून खुर्चीत बसूनच कागद रंगवला होता. त्या कागदाच्या जोरावर पुढे कोणाला हाकललं, हे विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. आता निवृत्तीला चार महिने उरले होते आणि तो जुना कागद खोटा ठरला, तर नोकरीच्या शेवटी तोंड काळं झालं असतं.

माळावर ऊन होतं, तरी हवा धुरकट होती. म्हातारा शिपाई फितीचं टोक धरून पुढे गेला. मोजणीदार मागोमाग निघाला आणि थबकला. पायाशी तीन दगडांची चूल होती. पलीकडे दोरीवर लहान मुलीचा झगा वाळत घातलेला, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

“अहो, इथे कोणी राहतं की काय?”

“कुठे साहेब? नुसतं गवत आहे.”

त्याने वाकून राखेला हात लावला. बोट चांगलंच पोळलं. शिपाई मात्र त्या झग्यातून आरपार चालत गेला. मोजणीदाराला काही कळेनासं झालं. ऊन लागलं असेल, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

पंचनामा जागेवरच मोठ्याने वाचायचा आणि तीनदा विचारायचं, कोणाची हरकत आहे का, अशी कामाची रीत. ऐकायला बहुधा कावळेच असतात. त्याने वाचलं आणि विचारलं. कोणी बोललं नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“आहे…” पाठीमागून कोणीतरी म्हणालं.

एक म्हातारी बसली होती, मांडीवर करडू घेऊन.

“आजी, तुम्ही… कुठे राहता?”

“तू उभा आहेस ना बाबा, ते आमचं अंगण. तेव्हाही इथेच होतो. तूच आला नाहीस.” ती रागावलेली नव्हती, हेच त्याला सोसवेना. “आता तरी लिही. माणसं आहेत, एवढंच लिही…”

लिहायला दोन शब्द पुरले असते. पेन कागदावर टेकवताच त्याला निवृत्तीचे उरलेले चार महिने आठवले. मग त्याने लिहिलं: ‘कोणाचीही हरकत नाही.’

मान वर केली तर म्हातारी नव्हती. कागद हातातून सुटून गवतात पडला. शिपायाने तो उचलला आणि चारी दिशांना पाहिलं.

“साहेब? अहो साहेब… गेले कुठे?”

“इथेच आहे की मी!”

शिपायाची नजर त्याच्यावरून घसरत पुढे गेली. पुटपुटत त्याने पिशवी आवरली आणि बस गाठली. मोजणीदार त्याच्यामागे धावत बसमध्ये चढला. कंडक्टरने शिपायाला एकच तिकीट दिलं. पुढच्या थांब्यावर एक लठ्ठ गृहस्थ सरळ मोजणीदाराच्या मांडीवर बसायला आले, तो कसाबसा बाजूला झाला. थट्टा म्हणावी तर इतकी माणसं मिळून करतील कशाला? घरी जाऊ, बायको चहा टाकेल, सगळं ठीक होईल, एवढंच तो घोकत राहिला.

त्याने घराची कडी वाजवली. बायकोने दार उघडलं आणि डावीकडे, उजवीकडे पाहिलं.

“कोण आहे गं आई?” आतून लेकीने विचारलं.

“अगं, मी…”

“कोणी नाही,” बायको म्हणाली आणि दार लावून घेतलं.

त्याने पुन्हा कडी वाजवली, मग दारावर थापा मारल्या. पोळलेल्या बोटाला फोड आला होता, तो ठणकत होता. धुराचा वास आला म्हणून तो वळला. त्याच्याच अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती आणि म्हातारी तिच्यावर हात शेकत बसली होती.

“बस इथे,” ती म्हणाली. “आम्हीही बरीच वर्षं अशीच दारं वाजवली…”

मागे दोरीवर झगा वाळत होता. तो त्याच्या लेकीचा होता, तिच्या लहानपणीचा.