बंगल्यावर राहिलेलं देवक

वीज गेली की आठवतो मी तुम्हाला. घसा बसलाय म्हटलं तरी ऐकायचं नाही. बरं, सांगतो. मध्ये कोणी टॉर्च लावायचा नाही.

श्रीपतराव आमच्या शेजारचे, रिफायनरीत फिटर. बायको आधीच गेलेली. सत्त्याण्णव साली, मार्गशीर्षातल्या एकादशीला, एकुलत्या कांचनचं लग्न लावलं. गावाबाहेर वासण्याच्या पुढे, लग्नाला भाड्यानं देतात त्या पार्टी प्लॉटवर. पूर्वी तो सरदारांचा बंगला, भोवती आंबराई. मुलांनी बंगला विकला, अमेरिका गाठली. आंबे तोडून लॉन झालं. आई तेवढी वरच्या खोलीत राहिली. खाली लग्नामागून लग्नं, पण जेवायला चला म्हणायला कोणी जिना चढला नाही. गेली तेव्हा खाली बँड वाजत होता. वास आला तेव्हा कळलं.

तर त्या रात्री अकराला वऱ्हाडाची बस कांचनला घेऊन इंदूरला निघाली. घरी आल्यावर श्रीपतरावांच्या लक्षात आलं, देवक तिथंच राहिलं. लग्नासाठी बसवलेले देव, ते उठवून आणायचे सोडून सगळे आइस्क्रीम खाऊन घरी. मुलीला बरं नाही ते. स्कूटर काढली, एकटेच निघाले.

वॉचमननं बंगल्याची किल्ली दिली. "काका, अंदर कोई नथी हों."

दार उघडलं. देवकापाशी दिवा. दिव्यापाशी एक म्हातारी, नऊवारी, डोक्यावर पदर.

"कोणी थांबलंच नाही," ती म्हणाली. "म्हटलं, मी बसते."

"आजी, बस चुकली का तुमची?"

"मुलीबरोबर पाठराखीण कोण गेली?"

श्रीपतराव खाली बघायला लागले. पहिल्यांदा सासरी जाताना सोबत घरची बाई लागते. "कोणी नाही. आई नाही तिला."

"एकटी पाठवलीत…"

"हो."

"एवढ्या रात्री… परक्या घरी…"



श्रीपतरावांनी मान वर केली. म्हातारी नव्हती.

बाहेर लॉनवर चपला वाजल्या… फाटकापर्यंत. मग गप्प.

देवक छातीशी धरलं. निघाले. मागे पाहिलं नाही.

सकाळी विहीणबाईंचा फोन. "अहो, तुमच्या पाठराखीणबाई चहासुद्धा न घेता कुठं गेल्या? गोध्र्यानंतर बघितलं तर कांचनचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरगी तेव्हा कुठं झोपली."

कांचनच्या अंगावर शाल होती. जुनी, जरीकाठाची, डांबरगोळ्यांच्या वासाची. दोन्ही घरांत तसली शाल कोणाचीच नाही.

आणि बस भरली म्हणत माझ्या बायकोला, पाठराखीण म्हणून चढलेलीला, चारचौघांत खाली उतरवणारा तो श्रीपतरावांचा थोरला भाऊ. आजपर्यंत 'चुकलो' म्हणाला नाही.

नाव त्याचं धनाजीराव.