पुष्पाबाईचं कार्ड

मोताळ्याच्या मोटार स्टँडवर भाद्रपदाची बारीक झड लागली होती. एका तरुणाच्या हातातला खोका निसटला आणि जाड कागदाची कार्डं चिखलात पसरली. मी धावले. पदरानं पुसत एकेक त्याच्या हातात देऊ लागले.

"एवढे पत्ते घेऊन कुठं खेळाले चालले?"

"रोहिणखेडले." तो हसला. "तिथल्या गवई नर्सबाईच्या वह्या बंद कराले."

ती नर्सबाई मीच… पण बोलले नाही. एकाच एसटीनं गेलो. दवाखान्याचं कुलूप मी उघडलं, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता!

साल अडुसष्ट. शेषराव इंगळे सर्वेक्षणाच्या नोकरीत होता. माझ्या चार वर्षांच्या वह्यांमधल्या गरोदर बाया त्याला कार्डांवर उतरवायच्या होत्या. मग वह्या रद्दीत. कार्डाच्या कडेला छिद्रं, एकेका प्रश्नाचं एकेक. उत्तर 'हो' असलं, की छिद्राची कड कापायची. गठ्ठ्याच्या त्या छिद्रातून विणायची सुई ओवून उचलली, की कापलेली तेवढीच कार्डं खाली गळत.

"आन् बाईले कशाचं भेव वाटते, त्याचं छिद्र कुठं हाये?"

"नाही…" वहीत मी लिहिलेली बायांची भीती तो वाचतच राहिला. पावसाचा उजेड त्याच्या पापण्यांवर थरथरत होता. मी उगाच बाटल्या पुसत बसले.

पाचव्या दिवशी त्यानं सुई ओवली. आधीची दोन लेकरं गेलेली, आता नववा महिना… एकच कार्ड पडलं. पुष्पाबाई! मी पदर डोळ्यांना लावला. तीन आठवडे मी तिच्याकडे फिरकलेच नव्हते. इतक्या पानांत ती माझ्याकडून हरवली होती.

"रडू नका, बाई. वहीत काय लिवलं ते पाहा."

मी तिचं पान काढून वाचलं, "सासू बाजाराले गेली, तवाच बोलते."

त्या दिवशी बाजारच होता. आम्ही भिजत धावलो. पुष्पाबाईचे पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. पण ती घरात एकटी होती, म्हणून सगळं बोलली. शेषरावांनी गाडी जुंपून आणली. बुलडाण्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

परतल्यावर शेषराव ओसरीत खोका बांधत होते.

"साहेबाले लिवून देल्लं. कार्डंबी पाह्यजे, वह्याबी पाह्यजे." मग हळूच, "माहं काम झालं. उद्या निघतो…"

पन्हाळीतून पाणी ठिबकत राहिलं.

"पंचफुलाबाई, तुमी साऱ्या गावाचं लिवलं. सोताचं एक अक्षर नाही. ते मले ऐकाचं हाये… जलमभर."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी त्यांच्या हातातली सुतळी काढून घेतली.

"मंग उद्या जाता काऊन?"