सोड वं

हे घडलेलं आहे.

मी नागपूरच्या एका दैनिकात चौदा वर्षं बातमीदारी केली. कोण, कुठे, केव्हा, काय आणि का, एवढं बातमीत यावं लागतं. यातल्या पहिल्या चारांची उत्तरं मी बिनचूक देऊ शकतो. त्याच आठवड्यात वहीत टिपून ठेवली होती.

पाचवं अजून मिळालेलं नाही.

रविवार, १६ मे १९७६. दुपारचे दोन. काटोल-नागपूर रस्ता.

रात्र नव्हती. पण आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. त्या वेळी रस्ता मध्यरात्रीपेक्षा रिकामा असतो.

माझी बायको सुमती पहिलटकरीण. आठव्या महिन्यात नरखेडला माहेरी गेली होती. त्या रविवारी मी तिला भेटायला गेलो. पानं वाढली होती आणि तिला एकदम रक्त जायला लागलं. गावातली सुईण रंभाबाई धावत आली. तिने पाहिलं आणि पदर खोचला.

"साहेब, हे माह्या हातचं नाही. गाडी काढा."

काटोलच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेतलं. "नागपूरला, धंतोलीत न्या. तासा-दीड तासात. उशीर झाला तर दोघांपैकी कोणाचीच खात्री नाही."

गाडी माझी होती. छोटी, जुनी, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. आधीचा मालक कोण ते मी विचारलं नव्हतं. तिची खोड एकच, स्टेअरिंग जड. आमचा मेकॅनिक देवराव तीनदा खाली शिरून बाहेर आला होता.

"इच्यात काही खराबी नाही, साहेब. पन कोनीतरी दुसऱ्या बाजूनं धरून ठेवल्यावानी लागते." मग दात काढून म्हणाला, "नाही तर तुमचे हातच कलमवाले!"

मी हसलो होतो. जुनी गाडी जडच असते, असं धरून चाललो होतो.

मागच्या सीटवर सुमती आडवी. तिचं डोकं रंभाबाईच्या मांडीवर. पुढे, माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी. तिथे माझी कापडी पिशवी ठेवली होती.

"धीर धरा बाई," रंभाबाई म्हणत होती. "आलंच नागपूर. डोये मिटू नका."

काटोल सुटून वीसेक मिनिटं झाली असतील.

स्टेअरिंग जड व्हायला लागलं…

नेहमीपेक्षा जड. उजवीकडचं वळण आलं. मी चाक फिरवलं. ते फिरलं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. खांदा घालून ओढलं.

नाही.

गाडी सरळ कडेच्या मुरमात उतरली. ब्रेक दाबला. पुढचं चाक नाल्याच्या काठापासून वीतभर अलीकडे थांबलं.

मी उतरलो. टायर पाहिले, चारही धड. खाली वाकून पाहिलं. काही तुटलं नव्हतं, काही अडकलं नव्हतं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना कोणी नाही. ना ट्रक, ना एस. टी., ना सायकल. बाभळीवर कावळासुद्धा नाही.

घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं.

मागून सुमतीचा आवाज आला. "अहो… पोहोचलो का?"

मी घाईने दार उघडलं.

पुन्हा बसलो. इंजिन चालू केलं. गाडी वीतभर मागे घेतली आणि चाक उजवीकडे ओढलं. ढिम्म. डावीकडे मात्र, नाल्याच्या बाजूला… ते आपसूक सरकत होतं.

तेव्हा मला पिशवी दिसली. शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी खाली, पाय ठेवायच्या जागेत पडली होती. ती उचलायला वाकलो आणि तोल सावरायला हात सीटवर टेकवला.

त्या सीटवर सरळ ऊन पडत होतं. माझी स्वतःची सीट चटका देत होती.

ती सीट गार होती.

रांजणाच्या बुडाशी माती असते तशी गार.

मी हात काढून घेतला. मला विचार करायला वेळ नव्हता. मी पुन्हा चाकाला लटकलो. हाताला फोड येऊन फुटला होता. मी कोणत्या देवाचं नाव घेत होतो, तेही आठवत नाही.

आणि मागून रंभाबाईचा आवाज आला. हळू, पण करडा.

"सोड वं."

मला वाटलं, सुमतीने कळ येऊन तिचा हात आवळला असेल.

"काहून धरून ठेवलं वं? त्या लेकराचं काय चुकलं? सोड."

इंजिन घुरघुरत होतं. बाकी आवाज नाही.

"दवाखान्यातच जायचं हाय नं तुले? चाल. आमी नेतो, तिथं उतरवतो. पन हात सोड वं, माय."

शेजारच्या सीटचं स्प्रिंग करकरलं…

आणि चाक फिरलं. इतकं अचानक, की गाडी रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला गेली.

पुढचे चाळीस किलोमीटर मी कसे कापले ते वहीत नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी धंतोलीतल्या एका प्रसूतिगृहाच्या आवारात शिरलो. रंभाबाई स्ट्रेचरबरोबर आत पळाली. चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. सव्वाचार पौंडांची. सुमतीला दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं.

दोघी जगल्या.

रंभाबाई पाच दिवस सुमतीच्या उशाशी होती. शुक्रवारी दुपारी मी तिला एस. टी. स्टँडवर सोडायला निघालो. आवारात गाडी उभी होती. मी पुढचं डावं दार उघडलं. ती पुढे बसेना.

"साहेब, तिले उतरवलं का नाही तुमी?"

"कोणाला?"

"पुढं बसली होती ते."

मी म्हणालो, "रंभाबाई, पुढे कोणी नव्हतं. तुम्ही, मी आणि सुमती."

मी समजुतीच्या सुरात सांगितलं, "रस्त्यात तुम्ही सुमतीला म्हणत होतात, सोड वं, सोड वं. तेवढंच."

रंभाबाईला राग आला.

"तुमच्या मंडळीले मी 'वं' म्हनीन? साहेबाच्या घरची बाई ते! पाच दिवस झाले, मी त्यायले बाईच म्हनून राहिली. इचारा त्यायले."

विचारायची गरज नव्हती. माझ्याच वहीत होतं. 'धीर धरा बाई.' 'डोये मिटू नका.' आणि त्याखाली, 'सोड वं.' शब्द मी जसेच्या तसे उतरवले होते. ते कोणाला उद्देशून होते, एवढं तपासलं नव्हतं. बातमीदार असून.

"मग कोणाला?" मी विचारलं.

"दिवस भरले होते तिचे," रंभाबाई म्हणाली. "दोन्ही हातानं चाक धरून होती. मी बोलली तिले, दवाखान्यात उतरवतो. अन् मंग तुमच्या बाईच्या घाईत इसरली. बोल देल्ला तर पाळा लागते, साहेब. सांगा तिले. आला म्हना दवाखाना."

दुपारचं आवार. झाडाखाली रिक्षावाला झोपलेला. मी रिकाम्या सीटसमोर उभा राहिलो. कशी हाक मारावी ते कळेना. आमच्या घरात कोणी कोणाला 'वं' म्हणत नाही, 'गं' म्हणतात.

"उतरा," मी म्हणालो. "दवाखाना आला."

काही झालं नाही.

मग स्प्रिंग करकरलं… एकदाच. ओझं उतरल्यावर करकरतं तसं.

मी दार लावलं. रंभाबाई मागे बसली. मी गाडी आवाराबाहेर काढली आणि वळवली.

दोन बोटांनी वळली.

दोन वर्षांत ती गाडी अशी कधी वळली नव्हती. देवराव आठवला. कोनीतरी दुसऱ्या बाजूनं धरून ठेवल्यावानी… म्हणजे काटोलच्या रस्त्यावर ती चढली नव्हती. ती पहिल्यापासून गाडीतच होती. दोन वर्षं माझ्या शेजारी.

आणि आज मी तिला उतरवलं होतं.

कुठे?

"रंभाबाई, ती आता कुठे गेली असेल?"

रंभाबाई बाहेर पाहत होती. "तिले लेकरू पाह्यजे होतं, साहेब," ती हळूच म्हणाली.

मी गाडी फिरवली. आवारात इंजिन चालूच ठेवून जिन्याकडे धावलो. पायरीवर आया प्रेमिला बसली होती.

"काहून पळून राहिले, साहेब? तुमच्या घरची बाई आत्ताच वर गेली नं. अशा उन्हात पायात चप्पल नाही तिच्या!"

जिना मी कसा चढलो ते माहीत नाही.

खोलीचं दार उघडं होतं. सुमती झोपली होती. तिच्या छातीकडे पाहत मी उभा राहिलो. वर-खाली होत होती.

पाळणा हलत होता…

पंखा बंद होता. वीज गेली होती.

मुलगी जागी होती. रडत नव्हती. दोन्ही मुठी समोर धरलेल्या, गच्च.

मी तिला उचललं. गार होती. पण श्वास चालू होता.

सुमती जागी झाली. म्हणाली, कोणी आलं नव्हतं.

गाडी मी महिन्याभरात विकली. घेणारा म्हणाला, स्टेअरिंग लोण्यासारखं आहे. रंभाबाई पुढच्या वर्षी वारली. आता विचारायला कोणी नाही.

मुलगी आज नऊ वर्षांची आहे. हुशार आहे, निरोगी आहे. सुमतीला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही.

एकच नोंद राहिली. १४ ऑगस्ट १९७७. मुलगी पावलं टाकायला शिकत होती. तोपर्यंत ती एक शब्दही बोललेली नव्हती. सुमतीने तिचा हात धरला होता. मुलीने तो झटकला, आईकडे वर पाहिलं आणि पहिल्यांदा बोलली. स्पष्ट.

"सोड वं."

धुणीवालीकडून ऐकलं असेल, असं सुमती म्हणाली आणि हसली.

मी वहीत लिहिलं. आमच्याकडे तेव्हा धुणीवाला गडी होता; धुणीवाली कोणीच येत नव्हती.