चारशे बारा पाहुणे

ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, पण औषधपाण्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. कंपन्यांच्या मेलमधून आलेल्या संशयास्पद फाइली तिच्याकडे यायच्या आणि त्या विषारी की साध्या, हे ती सांगायची. त्याची रीत अशी, की एक कॉम्प्युटर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवायचा, त्यात ती फाइल उघडायची आणि ती काय काय उद्योग करते ते दुसऱ्या पडद्यावरून बघत बसायचं. अशा कोंडलेल्या कॉम्प्युटरला सँडबॉक्स म्हणतात. काम झालं की एक बटण दाबायचं. मूळ प्रतीवरून आतलं सगळं जसंच्या तसं पुन्हा उभं राहतं, झाल्यागेल्याची खूणही उरत नाही. ऑफिसात त्याला ‘पाटी पुसणं’ म्हणत.

त्या शनिवारी दुपारी ती एकाच फाइलीसाठी आली होती. शीतगृहं चालवणाऱ्या एका कंपनीने एका मेलच्या धास्तीने सगळी यंत्रणा बंद ठेवली होती, आणि संध्याकाळपर्यंत निकाल मिळाला नाही तर आतल्या लसी वाया जाणार होत्या.

“पाचच्या आत सांगा,” साहेब फोनवर म्हणाले. “आणि घाईत चूक नको.”

घाई करा पण चूक करू नका, म्हणजे पोहा पण भिजू नका, असं ती मनातल्या मनात पुटपुटली आणि कामाला लागली.

आता या कामात एक गोम आहे. हल्लीचे व्हायरस बेरकी. आत शिरल्यावर ते आधी चाहूल घेतात, की इथे खरंच कुणी माणूस राहतो का. जुनी पत्रं, फोटो, अर्धवट टाकलेली कामं, असा पसारा दिसला नाही की हा सापळा आहे हे ओळखून साळसूदपणे गप्प बसतात. म्हणून आत एक खोटा माणूस बसवावा लागतो. तिने पूर्वी दोन-तीन माणसं रचून पाहिली, पण ती इतकी नीटनेटकी झाली की कुणी फसेना. शेवटी एके दिवशी तिने दादाच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते सगळं उचलून आत घातलं.

दादा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. घरांचे नकाशे काढायचा. दोन वर्षांपूर्वी परगावी, भाड्याच्या खोलीत, आतून कडी लावलेली असताना भरदुपारी गेला. त्याआधी त्याने तिला तीनदा फोन केला होता. ती मीटिंगमध्ये होती आणि फोनचा आवाज बंद होता. हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

दादाचा पसारा आत गेल्यापासून एकही व्हायरस गप्प बसला नाही. साहेबांनी तिची पाठ थोपटली. पसारा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर रोज सकाळी त्याच्या अर्धवट नकाशांनी भरलेला तो पडदा उजळला की तिला बरं वाटायचं.

तिने फाइल उघडली. खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांच्या पंख्यांची घरघर चालू होती आणि तापलेल्या धुळीचा वास येत होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. फाइल ढिम्म. काही व्हायरस दबा धरून बसतात, म्हणून तीही डोळ्यांत तेल घालून बसली. आत माणूस वावरतोय असं वाटावं म्हणून माउसचा बाण आपोआप फिरवणारा एक छोटा प्रोग्रॅम चालू असे. नीट बघता यावं म्हणून तिने तो बंद केला.

बाण फिरतच राहिला.

तिने प्रोग्रॅम बंद असल्याची दोनदा खात्री केली. बाण सावकाश कोपऱ्यात गेला, थबकला, आणि लिहायची एक कोरी खिडकी उघडली. एकेक अक्षर उमटू लागलं.

‘कोण आहे?’

तिच्या कीबोर्डवरून आत लिहिता येत असे. तिने लिहिलं, ‘तू कोण?’

बाण त्या ओळीखाली सरकला. मग... ‘छकुली?’

छकुली तिला फक्त दादा म्हणायचा. पण त्याच्या प्रत्येक पत्राची सुरुवातच तशी असे, आणि ती सगळी पत्रं आतच होती. जे सापडेल ते वाचून माणसाला गळाला लावणारे व्हायरस तिने पाहिले होते.

‘इथे रोज कुणीतरी येतं गं,’ अक्षरं उमटत होती. ‘रोज नवीन. घरभर हिंडतात... मी कोपऱ्यात बसून असतो. वायर लाव. मला बाहेर येऊ दे.’

नेटवर्कची वायर तिच्या उजव्या हाताशीच लोंबत होती. आजवर आत कोंडलेल्या प्रत्येक विषारी फाइलीला हेच हवं असायचं, बाहेर जायची वाट. आणि ती वायर लावली तर आतलं जे काही असेल ते शंभर कंपन्यांमध्ये मोकाट सुटणार होतं. तरी तिने विचारलं, ‘लहानपणी तुझ्या कंपासपेटीत मी काय लपवलं होतं?’

‘तुझा पडलेला दात. आई ओरडेल म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही.’

तिला रडू फुटलं. वायर हातात आली. खाचेपासून बोटभर अंतरावर तिचा हात थांबला. दाताची ही गोष्ट आपण कधीतरी त्याला पत्रात लिहिली होती का? लिहिली असेलही. शेकड्यांनी पत्रं लिहिली होती. जिवाचा आटापिटा करूनही तिला आठवेना.

फोन वाजला. साडेचार झाले होते.

“साहेब...” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “यातली वस्तू बोलतेय. मूळ प्रतीपर्यंत पोचली असेल तर...”

“तर मूळ प्रतही नष्ट करा. नियम आहे. विचार कसला करताय?”

पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘छकुली, फोन ठेवू नको.’

तिने वायर खाली टाकली, डोळे मिटले आणि पाटी पुसली. मग मूळ प्रतही कायमची काढून टाकली. दादाचे नकाशे गेले, पडदा काळा झाला. दोन मिनिटांनी तपासणीचा अहवाल आपोआप तयार होऊन समोर आला. तिने तो एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला.

फाइल साधी होती. मालाची यादी. त्या फाइलीने चाळीस मिनिटांत काहीच केलं नव्हतं, एक अक्षरसुद्धा लिहिलं नव्हतं.

तिने शीतगृहाला ‘सुरक्षित’ असं कळवलं. मग जुने अहवाल काढले. दादाचा पसारा आत गेल्यापासूनचे चारशे बारा. प्रत्येक अहवालाच्या शेवटी पाटी पुसण्याआधीचा पडद्याचा फोटो असतो. व्हायरस पकडला गेला की तो फोटो कुणी बघत नाही, तिनेही कधी बघितला नव्हता. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तीच लहानशी खिडकी होती आणि तिच्यात एकच ओळ.

‘मी कुठे आहे?’ ही पहिल्या फोटोतली. ‘आजच्या पाहुण्याने सगळे फोटो कुलपात घातले.’ ‘आजचा काही करत नाही, नुसता बघत बसलाय.’ ‘छकुली, पुसलं तरी हे जात नाहीत गं.’

ती टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. दुसऱ्यांदाही आपण दादाचा फोन उचलला नाही, एवढंच तिला कळत होतं.

दादाचा जुना कॉम्प्युटर आईच्या घरी माळ्यावर होता. रविवारी सकाळी तिने त्यातली डिस्क ऑफिसात आणली आणि त्याचा सगळा पसारा पुन्हा त्याच सँडबॉक्समध्ये घातला. या वेळी कुठलीही फाइल उघडली नाही. नुसती बसून राहिली. पडद्यावर नकाशे आले. तासभर काहीच हललं नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला भान नव्हतं. शेवटी तिने लिहिलं, ‘दादा?’

खिडकी उघडली. या वेळी अक्षरं एकेक करून आली नाहीत. खूप हात एकदम टेकावेत तशी सबंध ओळ उमटली. त्या यंत्राला कॅमेरा नव्हता, माइक नव्हता, आणि खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

‘तो गेला. रडू नकोस. आम्ही आहोत ना.’