पाइपातली ठकठक

"पाच आणि तीन! ब!" मावशीचा मुलगा ओरडला. सारखे प्रश्न विचारतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. "पुढे? अरे, ठोक की पुढे!"

सात वर्षांचा गट्टू चमचा हातात धरून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिला. तक्ता मावशीनं केला होता. क-ख-ग-घ-ङ ही पहिली ओळ, च-छ-ज-झ-ञ ही दुसरी, अशा पाच ओळी आणि प्रत्येकीत पाच अक्षरं. आधी कितवी ओळ ते ठोकायचं, जरा थांबायचं, मग त्या ओळीतलं कितवं अक्षर ते ठोकायचं. काना-मात्रा समोरच्यानं ओळखायच्या. शुद्धलेखन म्हटलं की पळणारी ही मंडळी सुट्टीत तासन्‌तास शब्द ठोकत बसत, आणि आपण अभ्यास करतोय याचा त्यांना पत्ताच नसे!

"एक शब्द ठोकायला किती वेळ लावतोस रे!" गट्टूची ताई वैतागली. "सगळा खेळ अडतो तुझ्यामुळे. जा, खाली जाऊन पाठ करून ये आधी!"

गट्टूनं शब्दांच्या चिठ्ठ्या उचलल्या आणि नाक ओढत तो जिना उतरला.

अर्ध्या तासानं मावशीनं जेवायला हाक मारली. ताई आली. वकील आला. गट्टू काही आला नाही.

जिन्याखाली नाही, गच्चीत नाही. फाटक उघडं होतं! मावशी तशीच रस्त्यावर धावली. ताईला आठवलं, आपणच त्याला हाकललं होतं.

"घाबरू नकोस गं," वकील म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळाचा पाइप वाजला. चार ठोके. मग एक. पुन्हा चार. मग एक.

"चार-एक म्हणजे त," ताई पुटपुटली. "त, त... हा काय शब्द झाला?"

ठोके थांबले. दोघं श्वास रोखून उभी राहिली. मग तीन ठोके. एक. जरा वेळानं एक. एक.

"ट! आणि क!" वकील पांढराफटक पडला. "ताई... टाकी!"

सकाळपासून अंगणातली जमिनीखालची टाकी धुणं चालू होतं. दोघं दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाली. टाकीवर लोखंडी झाकण होतं, आणि आत पाणी पडल्याचा आवाज येत होता! दोघांनी झाकणाला हिसके दिले, पण ते तसूभरही हललं नाही.

शेजारी प्लंबरकाका आपली पिशवी उपसत बसले होते.

"काका, झाकण उघडा! आत आमचा गट्टू आहे!"

"आत कोण जाईल? चहा पिऊन आलो, शिडी काढली, झाकण लावलं, पाणी सोडलं."

"आत वाकून बघितलंत का?" वकिलानं विचारलं.

"टाकीत काय बघायचं?"

"पाइपात कुणीतरी ठोकतंय, काका!"

"हवा धरते पाइपात. झाकण लावता लावता कंबर मोडली माझी. आता छळू नका. आधीच माझा मोठा पाना सापडत नाही!"

पाना हा शब्द ऐकला आणि ताईचं डोकं चाललं.

"काका, तुमचा पाना टाकीतच राहिलाय! इथे कान लावा. लोखंडावर लोखंड वाजतंय!"

काकांनी पाइपाला कान लावला. "अरेच्चा! माझाच पाना की हा!" ते हसत उठले आणि एकदम थबकले. पाना काही आपोआप वाजत नाही.

त्यांनी धावत जाऊन आधी पाणी बंद केलं. मग झाकण सरकलं. आत अंधार. छातीभर पाण्यात एका हातानं पाइपाला मिठी मारून, दुसऱ्या हातात पाना धरून, गट्टू थरथरत उभा होता!

काका कपड्यांसकट आत उतरले.

पंच्यात गुंडाळल्यावर गट्टूला कंठ फुटला. "चिठ्ठी उडून आत पडली... शिडी होती म्हणून उतरलो. खांबामागे शोधत होतो. एकदम अंधार झाला. मी ओरडलो, पण पाणी इतकं जोरात पडत होतं..."

मावशी धावत आली. तिनं गट्टूला छातीशी धरलं आणि काकांना असं काही फैलावर घेतलं, की त्यांनी दोन्ही कान पकडले.

"चुकलो, बाई. यापुढे आत उतरून बघितल्याशिवाय झाकण लावणार नाही. आज ही पोरं होती म्हणून निभावलं!"

"शाब्बास तुम्हा तिघांची!" मावशी डोळे पुसत म्हणाली. "एवढ्या भीतीत एक अक्षर चुकलं नाही याचं!"

ताईनं गट्टूचे ओले केस पुसले. "पण आधी नुसतंच त, त काय ठोकत होतास?"

"तुला हाक मारत होतो," गट्टू म्हणाला. "तक्त्यात ई कुठंय?"

ताईनं त्याला घट्ट जवळ घेतलं आणि आता कुठे ती हमसून हमसून रडली.

त्याच दुपारी तक्त्यावर सहावी ओळ आखली गेली. तिच्यातलं पहिलं अक्षर ताईनं गट्टूचा हात धरून लिहिलं.